चुना की शेंडी?

आडवे शब्द, सातवा. 'फसवणे. ____ लावणे. दोन अक्षरे.'

रविवारची पुरवणी बाबांच्या मांडीवर असते. आई स्वयंपाकघरात असते, पण तिचे कान बाहेर असतात. ओळ वाचून संपायच्या आत आतून आवाज येतो, "शेंडी!" तोवर बाबांनी 'चुना' लिहिलेलं असतं, तेही पेनानं. मग वाद. दोन्हींचा अर्थ फसवणे, दोन्हींना 'लावणे' चालतं, दोन्ही दोन अक्षरांचे. वाद मिटतो तो 'उभे शब्द, तिसरा' वाचल्यावर. 'दुर्लक्ष, चार अक्षरे' म्हणजे कानाडोळा, आणि त्याचं दुसरं अक्षर 'ना' नेमकं सातव्याच्या शेवटच्या घरात पडतं. चुना जिंकतो. आई म्हणते, "अहो, कोडं घालणाऱ्याला शेंडी माहीत नसेल," आणि विषय तिथंच संपवते.

आई अगदीच चुकीचं बोलत नाही. वाक्प्रचारावर बेतलेल्या ओळीतली अडचणच ही आहे. शब्दकोडं अर्थ विचारतं एका शब्दात, आणि मराठीत त्या एका शब्दापाशी दहा वाक्प्रचार दाटीवाटीनं उभे असतात. 'फसवणे' घ्या. चुना लावणे, शेंडी लावणे, टोपी घालणे, गंडा घालणे, मामा बनवणे, तोंडाला पाने पुसणे. शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात या सगळ्यांसमोर 'फसवणे' एवढंच छापलेलं असायचं आणि 'वाक्यात उपयोग करा' म्हटलं की आपण रामूला कोणीतरी फसवलं असं लिहून दोन गुण घ्यायचो. पण बोलताना आपण त्यांची सरमिसळ करत नाही. चुना लागतो तो बहुतेक खिशाला. शेंडी लावण्यात थोडी गंमत असते, मित्रही मित्राला शेंडी लावतो. टोपी घालणारा उसने घेऊन गेलेला असतो. गंडा घालणारा पावती, शिक्का, कार्यालय असं सगळं दाखवून घालतो. पाने पुसणारा आधी आशा लावतो आणि ऐन वेळी काहीच देत नाही. चांगल्या कोडेकाराला हे ठाऊक असतं. तो 'फसवणे' एवढ्यावर थांबत नाही, 'आश्वासन देऊन काहीच न देणे' असं लिहितो, आणि मग सोडवणाऱ्याला 'पाने'शिवाय दुसरीकडे जाता येत नाही.

पळण्याचंही तसंच. पोबारा करणे, धूम ठोकणे, सूंबाल्या करणे, काढता पाय घेणे, गाशा गुंडाळणे. लढवय्यांची भाषा म्हणवणाऱ्या मराठीत पळून जाण्याची इतकी सोय का करून ठेवली आहे, देव जाणे. यांतही फरक आहेच. काढता पाय घेणारा पाहुण्यांसमोरून हळूच उठतो. धूम ठोकणाऱ्याला कोण बघतंय याची पर्वा नसते. गाशा गुंडाळणारा सामानासकट जातो, आणि आजकाल तर हा वाक्प्रचार माणसांपेक्षा बंद पडणाऱ्या कंपन्यांसाठीच जास्त वापरतात.

हा खेळ मुळात इंग्रजी अक्षरांसाठी जन्मला. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन या पत्रकारानं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकात शंकरपाळ्याच्या आकाराचं एक कोडं छापलं. पुढच्या दहाबारा वर्षांत त्याचं वेड अटलांटिक ओलांडून इंग्लंडात पोचलं, आणि १९३० साली लंडनच्या 'टाइम्स'नंही त्याला जागा दिली. तिथं पुढे गूढ, श्लेषाच्या ओळींची एक वेगळीच परंपरा तयार झाली. मराठी कोडी त्या वाटेला फारशी गेली नाहीत. ती सरळ अर्थ विचारत राहिली, आणि म्हणूनच त्यांचा भार वाक्प्रचारांवर आणि म्हणींवर जास्त पडला असं मला वाटतं.

पण देवनागरीत हा खेळ आला तेव्हा त्याचं गणितच बदललं. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, प्रत्येक घरात एक. मराठीत एका घरात व्यंजन, त्याची काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर असलं तर त्याचा जोडीदार, असं सगळं कुटुंब राहतं. 'स्वातंत्र्य' हा एवढा मोठा शब्द तीन घरांत संपतो. चौतीस व्यंजनं आणि बाराखडीची बारा रूपं धरली तरी चारशेच्या वर वेगवेगळी अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. त्यामुळे दोन शब्द एकमेकांना छेदतात तिथं अक्षर जुळणं पुरत नाही, मात्राही जुळावी लागते. मराठी कोड्यात काळी घरं जास्त दिसतात त्याचं हे एक कारण. दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. मराठी शब्द घरांत मोजले तर आखूड असतात, दोन, तीन, चार. शब्द जितका आखूड, तितका तो कमी ठिकाणी छेदला जातो, आणि 'चुना की शेंडी' असले पेच तितके जास्त पडतात.

यात एक गंमत 'णे'ची आहे. वाक्प्रचाराचं क्रियापद छापताना 'णे' लावून छापायची पद्धत आहे. आपण बोलतो 'करणं', पण घरात 'करणे' लिहितो. आता पाणी घ्या. 'पाणी ____ : हरवणे, तीन अक्षरे.' पाजणे. 'पाणी ____ : हक्क सोडून देणे, तीन अक्षरे.' सोडणे. केलेले कष्ट वाया जाणे, फिरणे. काहीतरी काळंबेरं असणे, मुरणे. एखाद्याची कुवत अजमावणे, जोखणे. पाचही उत्तरं तीन अक्षरांची आणि पाचांचं शेवटचं अक्षर एकच. उभा शब्द त्या तिसऱ्या घरातून गेला तर सोडवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. अनुभवी कोडेकार क्रियापदाला पहिल्या किंवा दुसऱ्या घरात छेद देतो. नवखा 'णे'वर देतो, कारण 'णे'नं संपणारे शब्द मिळणं सोपं. कोडं सोडवताना उजव्या आणि खालच्या कडेला 'णे'ची रांग लागलेली दिसली की समजावं, घाईत केलंय.

पाण्याच्याच या उदाहरणातून वाक्प्रचाराची सगळी नाडी कळते. नाम तेच राहतं आणि क्रियापद बदललं की अर्थ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. 'पाणी पाजणे' हे तहानलेल्यासाठी पुण्य आणि प्रतिस्पर्ध्यासाठी पराभव. 'पाणी सोडणे' हे दान देतानाच्या विधीतून आलं. हातावर पाणी सोडलं की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. बढतीवर पाणी सोडणाऱ्याच्या हातात आज तांब्या नसतो, पण शब्दाला अजून तो विधी आठवतो. म्हणून कोडेकारापुढे नेहमी निवड असते, नाम लपवायचं की क्रियापद? नाम लपवलं, '____ लावणे' असं दिलं, तर सोडवणारा चाचपडतो, कारण 'लावणे'ला काहीही लागतं. क्रियापद लपवलं तर तो लगेच कानानं ऐकतो. माझ्या मते दुसरी ओळ जास्त प्रामाणिक, पहिली जास्त मजेची.

कानावर फार विसंबलं तर मात्र फजिती होते. 'गाढवाला याची चव काय? दोन अक्षरे.' म्हण तर पाठ आहे, गाढवाला गुळाची चव काय. सोडवणारा भराभर 'गु' लिहितो आणि उभा शब्द अडतो, कारण घरात बसणारा शब्द 'गूळ' आहे, दीर्घ गू. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं आणि त्यात दीर्घाचा ऱ्हस्व होतो. फूल, पण फुलाची पाकळी. दूध, पण दुधावरची साय. मूग गिळून बसताना दीर्घ असतात आणि मुगाच्या डाळीत जाताना ऱ्हस्व होतात. म्हणी आणि वाक्प्रचार आपल्याला वाक्यात ऐकू येतात, म्हणजे बऱ्याचदा सामान्यरूपात, आणि कोडं मागतं मूळ रूप. शुद्धलेखनाच्या तासाला हे कधी डोक्यात शिरलं नाही. कोड्यानं शिकवलं, तेही खोडरबर झिजवून. जुनी कोडी तर याहून अवघड वाटतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानं १९६२ साली स्वीकारले, त्याआधी उच्चारात नसलेले अनुस्वारही लिहायचे. 'नांव', 'कांहीं', 'पांच'. ते टिंब छेदातही सांभाळायचं म्हणजे सोडवणाऱ्याची तारांबळच.

कोडेकाराच्या टेबलावर काय असतं? मोल्सवर्थ असतोच. कॅप्टन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, आणि बोलीतले, बाजारातले, छावणीतले शब्द त्यानं इतक्या आवडीनं टिपले आहेत की आजही तो उघडला की तासभर बंद होत नाही. आणि असतो यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश', पहिला विभाग १९४२ सालचा, दुसरा १९४७ सालचा. जगात महायुद्ध चाललेलं, इथं स्वातंत्र्याची धामधूम, कागदाची टंचाई, आणि पुण्यात ही मंडळी 'नाकदुऱ्या काढणे' आणि 'नाकाने कांदे सोलणे' यांची नोंद करत बसली होती. मला याचं फार कौतुक वाटतं.

या कोशांत शिरलं की कळतं, आपण रोज वापरतो ते शब्द किती जुन्या सामानाचे तुकडे आहेत. 'पोबारा' पाहा. सोंगट्यांच्या पटावर फासे टाकतात, त्यात 'पो' म्हणजे एक आणि बारा, असं तेराचं दान. हे भाग्याचं दान. हिंदीत अजूनही 'पौ बारह होना' म्हणजे नशीब फळफळणं. मराठीत मात्र तेच दान पडलं आणि सोंगटी घेऊन माणूस पसार झाला. एकच फासा, हिंदीत नशीब आणि मराठीत पलायन. 'गाशा' म्हणजे घोड्याच्या जिनावर घालायचं कापड. ते गुंडाळलं म्हणजे स्वार मुक्काम हलवणार. घोडे गेले, जीन गेलं, गुंडाळणं राहिलं. 'नमनालाच घडाभर तेल' हे रात्रीच्या खेळातलं, जिथं दिवट्यांच्या उजेडात सगळं चालायचं. सुरुवातीच्या नमनातच घडा रिकामा झाला, तर पुढच्या आख्ख्या खेळाला उजेड कुठून आणायचा? लांबलचक प्रास्ताविक करणाऱ्या वक्त्याला हे आजही लागू पडतं, फक्त आता तेलाऐवजी श्रोत्यांची सहनशक्ती जळते.

आकड्यांचे वाक्प्रचार तर कोडेकारांना फारच प्रिय, कारण त्यात माहितीही विचारता येते. 'अठरा विश्वे दारिद्र्य' यातला विश्वा म्हणजे विसवा, विसावा भाग. वीसपैकी अठरा भाग दारिद्र्य, म्हणजे नव्वद टक्के. आपल्या पूर्वजांनी उरलेल्या दहा टक्क्यांची आशा ठेवली होती हे विशेष. 'छत्तीसचा आकडा' तर फक्त देवनागरीतच समजतो. ३ आणि ६ यांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली असते, म्हणून ३६. तेच दोघं जागा बदलून ६३ झाले की समोरासमोर येतात. रोमन लिपीतले छत्तीस लिहून हे भांडण कोणाला दाखवता येणार नाही. 'पाचावर धारण बसणे' यातली धारण म्हणजे बाजारभाव. हा शब्द आता बाजारात कोणी वापरत नाही, 'भाव' वापरतात. भाव मात्र आता धारणीसारखा बसत नाही, लोक तो खातात. बातमी 'सोळा आणे खरी' असते तेव्हा आणा म्हणजे रुपयाचा सोळावा हिस्सा हे नातवाला समजावून सांगावं लागतं. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणे व्यवहारातून जायला लागले. शब्दकोड्यात ते अजून खणखणीत चालतात. 'रुपयाचा सोळावा भाग, दोन अक्षरे.'

त्याच एप्रिल महिन्यात, ९ तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं शब्दकोड्यांबद्दलच निकाल दिला. हा योगायोग मला फार आवडतो. बादरायण संबंध म्हणा हवं तर. तुमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं आणि आमच्या दारात बोरीचं झाड, म्हणून आपण नातेवाईक, तसलाच. पण हकीकत ऐकण्यासारखी आहे.

स्वातंत्र्याच्या आसपास आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांची लाट आली होती. प्रवेश फी भरायची, कोडं भरून पाठवायचं, आणि आयोजकांनी आधी ठरवून ठेवलेल्या उत्तराशी तुमचं उत्तर जुळलं की मोठी रक्कम. आर. एम. डी. चमारबागवाला यांची 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स' ही त्यांतली गाजलेली स्पर्धा. ती बंगळूरहून निघणाऱ्या साप्ताहिकातून चाले आणि मुंबई राज्यात तिला मोठा वाचकवर्ग होता. मुंबई सरकारनं अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा १९४८ साली केला होता, १९५२ साली दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या स्पर्धाही त्यात ओढल्या. चमारबागवाला न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली, सर्वोच्च न्यायालयानं ती फिरवली. जुगार हा घटनेनं संरक्षण दिलेला व्यापार-धंदा नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. दरम्यान १९५५ साली संसदेनंही बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला. त्याच्या व्याख्येत शब्दकोड्याचं नाव घेतलेलं आहे, आणि महिन्याला हजार रुपयांवर बक्षिसं देणाऱ्या स्पर्धांना त्यानं बंदी घातली. त्या कायद्यालाही आव्हान दिलं गेलं. त्याच दिवशी न्यायालयानं स्पष्ट केलं की तो नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू आहे, ज्यांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतं त्यांना नाही. रमीपासून मोबाइलवरच्या खेळांपर्यंत 'कौशल्य की नशीब' हा वाद जिथं जिथं निघतो, तिथं आजही त्या निकालाचा हवाला दिला जातो.

आता हे आमच्या घरच्या वादाशी लावून पाहा. '____ लावणे : फसवणे' अशी ओळ द्या आणि त्यातून जाणारा उभा शब्द काढून टाका. चुना की शेंडी? दोन्ही बरोबर. उत्तर आयोजकाच्या कपाटात. आईचं आयुष्यभराचं मराठी आणि बाबांचं आयुष्यभराचं मराठी यांत काही फरक उरत नाही, नाणं उडवलं तरी तेवढीच शक्यता. अशी पाच घरं ठेवली तर बत्तीस वेगवेगळी उत्तरं होतात, आणि बत्तीस फॉर्म भरणारा हमखास जिंकतो, म्हणजे आयोजक बत्तीस वेळा फी घेतो. 'णे'वर छेद देणारा कोडेकार आळशी असेल, पण छेदच न देणाऱ्यानं सरळ चुना लावलेला असतो. इथं शेंडी म्हणून चालणार नाही, पैसे गेलेत.

आजच्या पुरवणीतल्या कोड्याला बक्षीस असलंच तर नाव छापून येण्याचं. तिथं भांडण वेगळं आहे, कुठली बोली आत घ्यायची याचं. 'पोपट होणे', 'वाट लागणे', 'राडा' हे अजून दबकत दबकत येतात, कोडेकार त्यांना 'बोलीभाषेत' असा टिळा लावून मगच आत घेतो. 'सूंबाल्या'ही कधीकाळी असाच टिळा लावून आला असेल. त्याहून मोठी अडचण ही की छापील कोड्याची बोली पुण्या-मुंबईची आहे. वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, सिंधुदुर्गातल्या घरांत रोज वापरले जाणारे प्रयोग त्या घरांत बसत असूनही बसवले जात नाहीत.

मागच्या महिन्यात हेच झालं. आडवे शब्द, अकरावा. 'गप्पा, तीन अक्षरे.' आईचं माहेर सावंतवाडीकडचं. ती आतून म्हणाली, "गजाली."

बाबांनी घरं मोजली. ग, जा, ली. बसत होतं. पण त्यांनी ओळ पूर्ण वाचलीच नव्हती. पुढं '____ पिटणे' असं होतं. "अगं, चकाट्या," ते म्हणाले आणि 'च' लिहून मोकळे झाले.

आई दारात आली, पदराला हात पुसत. "बरोबर आहे," ती म्हणाली. "गजाली पिटत नाहीत. मारतात."